ओव्हल फ्रेंच टेबल, मार्केट्री आणि मुलाम्याचं ब्राँझ: दुरुस्तीच्या नोंदी

६ ऑक्टोबर

टेबल आलं. लहान ओव्हल चिफोनिएर: दोन ड्रॉवर, खाली एक फळी, वर पांढरा संगमरवर आणि त्याभोवती जाळीदार कठडा. उंची ७३.५ सेंमी, माथा ४८ × ३६.५ सेंमी. पाय पंधराव्या लुईच्या काळासारखे बाकदार, अंग सोळाव्या लुईच्या काळासारखं सरळ आणि शांत. या मधल्या शैलीला ट्रान्झिशन म्हणतात, साधारण १७६० ते १७७५.

चारी बाजूंच्या मार्केट्रीत (वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जुळवून केलेल्या नक्षीत) चिनी धाटणीची भांडी आहेत: किटली, कप, फुलदाणी, शाईची दौत. अशी भांडी दिसली की शार्ल तोपिनोचं नाव लगेच पुढे येतं. तो १७७३ मध्ये पॅरिसच्या गिल्डचा (कारागीर संघाचा) उस्ताद झाला. पण तो दुसऱ्या कारागिरांनाही तयार मार्केट्री पुरवत असे, त्यामुळे किटली दिसली एवढ्यावरून टेबल त्याचं ठरत नाही. नोंदीत तूर्त 'शिक्का नाही, पॅरिस, काळ ठरवायचा' एवढंच.

वरवर दिसणारं नुकसान: उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभी चीर, रुंदी मधोमध ०.८ मिमी. चिरेच्या दोन्ही काठांना व्हिनिअर (वरचा लाकडाचा पातळ थर) सुटलेलं. मार्केट्रीचे सात तुकडे नाहीत, त्यात किटलीची चोच आणि मूठ. खालच्या फळीवर पाण्याची दोन वर्तुळं. मागचा डावा पाय डुगडुगतो. कठडा एका जागी तुटलेला, त्यावर शिशाच्या झाळणीचा ओबडधोबड गोळा. ब्राँझच्या खाचाखोचांत पॉलिशची पांढरी पूड आणि हिरवट मेण.

आज फक्त मोजमाप, फोटो आणि आर्द्रता. ओकच्या सांगाड्यात ७ टक्के. गरम रेडिएटरच्या खोलीत बरीच वर्षं राहिलेल्या टेबलाचा हा आकडा आहे. खोली ५२ टक्के आर्द्रतेवर ठेवली. चिरेला लगेच हात लावायचा नाही.

७ ऑक्टोबर

संगमरवर उचलला. जेमतेम सहा किलो, पण ओव्हल दगड कडेला धरून उचलला तर मधोमध मोडतो. दोघांनी, खालून तळवे लावून. खाली सांगाड्याच्या वरच्या काठावर शिक्का शोधला, मग ड्रॉवरखालच्या पट्टीच्या आतून शोधला. कुठेच नाही. गिल्डच्या नियमांत १७४३ पासून उस्तादाचं नाव ठोकणं बंधनकारक झालं आणि १७९१ मध्ये गिल्डच बरखास्त झाली. पण शिक्का नसणं म्हणजे नकली असणं नव्हे. राजाचे कारागीर आणि पॅरिसच्या फोबूर्ग सेंत-आंत्वान या मुक्त वस्तीतले कारागीर या नियमाच्या बाहेर होते.

शिक्क्यापेक्षा ड्रॉवर जास्त बोलतात. बाजूच्या फळ्या ओकच्या, जाडी ५.५ ते ६.५ मिमी, म्हणजे एकसारखी नाही. डवटेल (एकमेकांत अडकणारे दातेरी सांधे) हाताने कापलेले, आखणीची रेघ अजून दिसते. तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा तिरक्या आणि कमीजास्त अंतराच्या आहेत. गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात; तशी एकही नाही. सांगाडा अठराव्या शतकाचा धरायला हरकत नाही.

ड्रॉवरच्या खालच्या कडा ३ मिमी झिजल्यात. त्यामुळे ड्रॉवर आत जाताना समोरची कड खाली झुकते आणि खालच्या पट्टीचं व्हिनिअर खरवडत जाते. त्या पट्टीवरचे ओरखडे कोणा निष्काळजी माणसाचे नाहीत, रोजच्या उघडझाकीचे आहेत.

९ ऑक्टोबर

ब्राँझ उतरवायला घेतलं. आधी प्रत्येक नगाला नंबर, प्रत्येक स्क्रूला वेगळं पाकीट, पाकिटावर भोकाची जागा. हे कंटाळवाणं आहे, पण हाताने कानसलेले जुने स्क्रू एकाच्या जागी दुसरा बसत नाही. भोकं त्या त्या स्क्रूच्या मापाने रुळलेली असतात.

एकूण नग: कोपऱ्याच्या लडी ४ (लॉरेलच्या पानांच्या, वर कडी), पायाचे बूट ४, कुलपाच्या चकत्या २, खालच्या फळीची किनार २ तुकड्यांत, कठडा ३ तुकड्यांत. कोपऱ्यावरच्या लडी, पायाला बूट, फळीला किनार या नुसत्या शोभेच्या गोष्टी नाहीत. व्हिनिअर सर्वात आधी जिथे उडतं तिथेच धातू लावलेला असतो. फळीच्या किनारीत १४ सेंमीचा एक तुकडा हरवलाय, आणि नेमक्या तेवढ्याच लांबीत किंगवुडची पट्टी कुरतडलेली आहे.

दोन स्क्रू हलेनात. पितळी स्क्रूवर हिरवा थर चढून तो लाकडात घट्ट होतो. जोर लावला तर डोकं तुटतं आणि मग लाकूड कोरून बाकीचा काढावा लागतो. झाळकामाच्या कैयाचं टोक स्क्रूच्या डोक्यावर १५ सेकंद टेकवलं, पूर्ण थंड होऊ दिलं, मग आधी थोडं घट्ट करून सैल केलं. दोन्ही निघाले. कैया मुलाम्याला लागता कामा नये; बाजूला ओल्या अॅस्बेस्टॉसचा जुना रिवाज होता, आता ओला टिश्यू पुरतो.

मागच्या डाव्या पायाचा बूट स्क्रूने नव्हे, लोखंडी खिळ्यांनी ठोकलेला. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड मिळून लाकडावर निळाकाळा डाग पडलाय.

१० ऑक्टोबर

लडी उलट्या करून टेबलावर ओळीने मांडल्या. समोरून चारही सारख्या. मागून दोन आणि दोन.

मागच्या बाजूच्या (३ आणि ४ नंबर) लडींची पाठ ओतीव, खरबरीत, कानशीच्या खुणा असलेली. सोनं फक्त काठावर ओघळून आल्यासारखं, मधे उघडं पितळ. समोरच्या (१ आणि २) लडींची पाठ गुळगुळीत आणि आतल्या खोल खाचेपर्यंत एकसारखी सोनेरी. पाऱ्याच्या मुलाम्यात सोन्याचा लगदा ब्रशने लावतात, तोही दिसणाऱ्या बाजूला. बॅटरीच्या मुलाम्यात अख्खा नग द्रावणात बुडतो, म्हणून पाठही सोन्याची होते. हे तंत्र १८४० नंतरचं.

कॅलिपरने उंची: ३ आणि ४ नंबर ११२.० आणि १११.८ मिमी. १ आणि २ नंबर ११०.३ आणि ११०.२ मिमी. ओतलेली धातू थंड होताना साधारण दीड टक्का आकसते. जुन्या लडीचाच साचा घेऊन नवी ओतली तर ती तेवढीच लहान निघते. ११२ मधून दीड टक्का वजा केला की ११०.३ येतात. पुढच्या दोन लडी मागच्या लडींवरूनच काढल्यात.

भिंगाखाली फरक आणखी स्पष्ट. जुन्या लडीच्या पानाच्या शिरा छिन्नीने एकेक मारलेल्या, कडा धारदार, पानांमधली जमीन बारीक ठिपक्यांनी मॅट केलेली आणि उंचवटे अगेटच्या दगडाने घोटलेले. नव्या लडीत तेच ठिपके आहेत, पण विरघळत्या साखरेसारखे गोलसर. साच्यातून ठिपका येतो, त्याची धार येत नाही.

पटकन एक्सआरएफ मोजणी (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणं) करून घेतली: ३ आणि ४ मध्ये सोन्याबरोबर पारा सापडला, १ आणि २ मध्ये नाही. चारही नगांत तांब्याबरोबर जस्त भरपूर, कथील किरकोळ. सगळे ब्राँझ म्हणत असले तरी या कामाचा धातू मुळात पितळच.

शेवटी लाकूड पाहिलं. समोरच्या कोपऱ्यांवर, आत्ताच्या लडीच्या बाहेर, व्हिनिअरमध्ये बारीक वळ उमटलाय. घट्ट आवळलेल्या मोठ्या लडीच्या कडेने तो दाबला गेलाय. वळाची उंची ११२ मिमी. वळाच्या आत एक जुनं भोक बुजवलेलं आणि त्याच्या ४ मिमी खाली नवं. म्हणजे मूळ लडी हरवल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी टेबल बऱ्यापैकी कसोशीने दुरुस्त केलं. पुढच्या लडी काढून टाकायच्या नाहीत. जागाही बदलायच्या नाहीत.

१४ ऑक्टोबर

मागच्या डाव्या पायाचं टोक: वाळवीसारखी भुगटी नव्हे, पूड बारीक आणि भोकं १.५ ते २ मिमी गोल. लाकूडकिडा, म्हणजे अॅनोबियम. ताजी पूड सापडली, तेव्हा किडा जिवंत धरूनच चालायचं. फवारणी नको, द्रावण व्हिनिअरखालचा सरस आणि रंग दोन्ही बिघडवू शकतं. ऑक्सिजन शोषणाऱ्या पाकिटांसह टेबल हवाबंद पिशवीत: ऑक्सिजन ०.३ टक्क्याच्या खाली, तापमान २५ अंश, मुदत चार आठवडे. आत ५२ टक्क्यांवर तयार केलेलं सिलिका जेल ठेवलं, नाहीतर किडा मरायचा आणि चीर वाढायची.

नव्या तुकड्यांसाठी व्हिनिअर आजच काढून ठेवलं. ट्युलिपवुड (फ्रेंचमध्ये ब्वा द रोज) ताजं असताना गुलाबी पट्ट्यांचं असतं आणि उजेडात गवती पिवळं होतं. टेबलावरचं अडीचशे वर्षं उजेड खाल्लेलं आहे. आज रंग जुळवून बसवलेला ताजा तुकडा काही वर्षांत फिकट होऊन वेगळा उठून दिसेल. म्हणून त्याचा रंग आधीच उडवायचा. पॅरिसचं हिवाळी ऊन म्हणजे ऊन नव्हेच, तेव्हा यूव्ही दिव्याखाली. अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून, म्हणजे किती उडालं ते कळेल.

हे डालबर्जिया प्रजातीतलं ब्राझिली लाकूड. जवळपास ही अख्खी प्रजाती जानेवारी २०१७ पासून साइटीसच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे (आपला शिसवही त्यातच), त्यामुळे जुन्या साठ्यातलं, कागदपत्रं असलेलंच वापरतोय. जाडी महत्त्वाची: जुनं करवतीने कापलेलं व्हिनिअर दीड ते दोन मिमी. आजचं सुरीने काढलेलं ०.६ मिमीचं चालत नाही. ते जाडी जुळवायला दोन थरांत लावलं तर एक थर पॉलिश करतानाच जातो.

२२ ऑक्टोबर

टेबल पिशवीत, तोवर ब्राँझ. क्रम: मेणासाठी व्हाइट स्पिरिट, जुन्या लॅकरसाठी अॅसिटोन, मग कोमट डीआयोनाइज्ड पाण्यात एक टक्का नॉन-आयोनिक साबण आणि बकरीच्या केसांचा ब्रश. पॉलिशची पांढरी पूड खाचांतून बांबूच्या टोकदार काडीने. स्टीलची सुई नाही, पितळी ब्रश नाही. सोन्याचा थर काही मायक्रॉनचा असतो.

उरलेल्या काळ्या डागांवर रोशेल सॉल्टचं ५ टक्के द्रावण, कापसाच्या बोळ्याने, दोन मिनिटं, मग तीनदा पाणी. निघालं तेवढं पुरे.

जुन्या कार्यशाळांत अमोनिया आणि साबणात ब्राँझ बुडवून ठेवायची पद्धत आहे. तासाभरात नग लखलखतो, म्हणून ती जात नाही. मुलाम्याला सूक्ष्म छिद्रं असतात. अमोनिया त्यातून आत शिरून खालचं तांबं विरघळवतो आणि पुढच्या काही वर्षांत वरचं सोनं खपल्यांनी निघतं. ४ नंबरच्या लडीच्या खालच्या टोकाला हेच झालंय, मसुराएवढ्या तीन जागी. धातूच्या पॉलिशने उंचवटे घासून जिथे पितळ उघडं पडलंय ते तसंच ठेवलं. नवा मुलामा द्यायचा नाही.

२९ ऑक्टोबर

कठडा. तुटलेल्या जोडावर शिसं-कथिलाची झाळण. ती तशीच ठेवून वर चांदीची झाळण करायला गेलं तर तापल्यावर कथील पितळ खात जातं आणि जाळीची नक्षी गळून पडते. आधी सगळी झाळण खरवडून काढली तरी ज्योत लावणं नको: पाऱ्याने मुलामा दिलेल्या नगात उरलेला पारा तापल्यावर वाफ होऊन बाहेर येतो. धूर ओढणारी नळी आणि योग्य मास्क नसेल तर अठराव्या शतकाचा मुलामा कधीही तापवू नये.

त्यामुळे थंड जोड. शिसं स्केल्पेलने, खाली सोनं दिसेपर्यंत नव्हे, त्याआधी थांबून. आतल्या बाजूने १२ × ४ × ०.५ मिमीची पितळी पट्टी. धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ चा (विरघळवून काढता येणाऱ्या अॅक्रिलिक राळेचा) थर, त्यावर इपॉक्सी. उद्या कोणाला सोडवायचं झालं तर अॅसिटोनने बी-७२ सुटतो आणि इपॉक्सी त्याच्याबरोबर निघून येतो. कठड्यावर भार येत नसतो, तो पिनांवर उभा राहतो, त्यामुळे एवढी ताकद पुरते.

१२ नोव्हेंबर

पिशवी उघडली. सांगाड्याची आर्द्रता ९ टक्के. चीर ०.८ वरून ०.५ मिमीवर आली. हेच आल्या दिवशी भरलं असतं तर लाकूड फुगल्यावर ती पट्टी पाचरीचं काम करून शेजारचा सांधा फोडती.

चिरेचं कारण बांधणीत आहे. ओव्हल अंग पिंपासारखं, ओकच्या उभ्या तुकड्यांचं, सरसाने जोडलेलं. ओक आडव्या दिशेने आकसतो आणि सांधा उघडतो. वरची मार्केट्री मात्र दोन्ही तुकड्यांना धरून असते, म्हणून सांध्याच्या रेषेतच फाटते. चीर पुढे सरकली तर ती किटलीच्या पोटातून जाते, पण दोष किटलीचा नाही.

१४ नोव्हेंबर

सुटलेलं व्हिनिअर उचललं. चिरेलगत पांढरा पीव्हीए (फेविकॉलसारखा गोंद) निघाला, मागच्या तीस-चाळीस वर्षांतला असावा. हाच खरा त्रास. सरसावर सरस पुन्हा बसतो. पीव्हीएवर तो धरत नाही. अॅसिटोन आणि पाणी निम्मं-निम्मं, टिश्यूच्या पट्टीत भिजवून दहा मिनिटं, मग तो रबरासारखा होतो तेव्हा बोथट लाकडी सुरीने. ओकच्या छिद्रांतला काढायला तीन फेऱ्या लागल्या. चार चौरस सेंमीला एक तास. नवी चिकटवण त्याच्या निम्म्या वेळात होईल.

सुटलेल्या सहा तुकड्यांची पाठ पाहिली. पुढून ज्या पानाचा रंग मातकट तपकिरी दिसतो, ते पाठीकडून गवतासारखं हिरवं आहे. किटलीमागची जमीन सिकामोरची, पाठीला निळसर राखाडी. दौतीवरची पट्टी गडद लाल. म्हणजे हे टेबल नवं असताना आज दिसतं तसं मधासारखं सौम्य नव्हतंच. चांगलंच भडक होतं, पैठणीच्या पदराजवळ जाणारं. पाठींचे फोटो रंगपट्टीसह घेतले. पुढून रंगवायचं नाही. रंग कुठे होता एवढं कागदावर राहील.

तुकड्यांची जाडीही मोजली. पट्टीखाली १.६ ते १.७ मिमी, पण किटलीच्या मध्यभागी फक्त ०.९. कधीतरी कोणीतरी पृष्ठभाग सपाट दिसावा म्हणून जोरात घासलाय. त्यात किटलीवरच्या कोरीव रेघा अर्ध्या गेल्यात. इथून पुढे मूळ मार्केट्रीवर सँडपेपर अजिबात नाही.

१७ नोव्हेंबर

सरस: चामड्याचा, मोत्यांसारख्या दाण्यांचा. एक भाग सरसाला दीड भाग पाणी, रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंश. ७० च्या वर गेला की ताकद उतरते, वारंवार गरम केला तरीही. रोज ५० ग्रॅमच करतो, उरलेला टाकतो.

चिरेत ओकची पट्टी: जुनं लाकूड, रेषा उभ्या, पाचरीसारखी किंचित निमुळती. हाताने दाबून बसेल इतकीच, ठोकायची नाही.

व्हिनिअरची पहिली चिकटवण फसली. दाबून चोवीस तासांनी नखाने टिचकी मारली तर खालच्या कोपऱ्यात पोकळ आवाज. कारण साधं: पहाटे खोली १६ अंशांवर होती, ओक त्याहून गार, आणि ठोकळा लावेपर्यंत सरस गोठला. गोठलेला सरस दाबाने पसरत नाही, नुसता उशीसारखा मधे राहतो. कोपरा कोमट पाण्याने उघडून पुन्हा केला. या वेळी सरसाच्या कोरड्या वजनाच्या ८ टक्के युरिया, त्याने गोठायला वेळ लागतो, आणि सांगाडा आधी हेअर ड्रायरने ३० अंशांपर्यंत.

वक्र बाजूवर सपाट ठोकळा चालत नाही. कापडी पिशवीत दीड किलो बारीक वाळू, ओव्हनमध्ये ६५ अंशांवर तापवलेली. व्हिनिअरवर मायलार (प्लास्टिकची पातळ फिल्म), त्यावर वाळूची पिशवी, त्यावर अंगाच्या वळणाचा ठोकळा, मग क्लॅम्प. वाळू वळणाला सरकून बसते, उष्णता पाच-सात मिनिटं टिकते, तेवढ्यात जास्तीचा सरस कडेने बाहेर येतो. बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने. वाळल्यावर खरवडला तर खालचं पॉलिश निघतं.

२६ नोव्हेंबर

मागचा डावा पाय. खालचे २२ मिमी स्पंजासारखे. बुटाच्या आत कोणीतरी प्लास्टर भरून उंची साधायचा प्रयत्न केला होता, तरी पाय ३ मिमी कमी. म्हणून डुगडुग. पोखरलेला पण आकार धरून असलेला भाग पॅरालॉइड बी-७२ च्या १० टक्के द्रावणाने तीनदा भिजवून घट्ट केला, टोकाला तिरका काप देऊन नवा ओक जोडला. तिरक्या कापाची लांबी जाडीच्या चौपट ठेवली. पायावर भार तिरका येतो, सरळ कापाचा जोड तिथे टिकत नाही. बूट आता दोन जुन्या पितळी स्क्रूंवर, खिळे पाकिटात.

ड्रॉवरच्या कडांना ३ मिमी ओकची पट्टी, सरसाने. मूळ झिजलेली कड सपाट करण्यापुरतीच रंधली.

३ डिसेंबर

हरवलेले तुकडे. यातला किटलीच्या चोचीचा तुकडा सविस्तर, बाकीचे त्याच पद्धतीने.

रिकाम्या जागेवर ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिलने कडा घासून आकार घेतला. कागद हॉलीच्या व्हिनिअरवर (१.७ मिमी) चिकटवून कापण्याआधी छटा द्यायची. चोच गोल दिसावी म्हणून एका काठाला गडद सावली लागते आणि ती रंगाने नव्हे, गरम वाळूने देतात. लोखंडी तव्यात ५ सेंमी बारीक वाळू, तळाला तापलेली, वर कमी. तुकड्याचा एक काठ चिमट्याने उभा खुपसायचा आणि मोजायचं. आठ सेकंदांत फिकट बदामी, बारा सेकंदांत तपकिरी, पंधराला काळा. काळा म्हणजे कोळसा. तो पुढे स्क्रेपर लागला की पूड होऊन जातो. वाळू फार गरम असेल तर वरचा पापुद्रा जळतो आणि आतलं लाकूड पांढरं राहतं, मग सपाट करताना सावलीच निघून जाते. वाळू थोडी थंड आणि वेळ थोडा जास्त, असं केलं की सावली जाडीभर उतरते. पाच तुकडे वाया गेले, सहावा धरला.

दुसरी अडचण: भाजलेला काठ आकसतो. १४ मिमीच्या तुकड्यात ०.२ मिमी. म्हणून आधी छटा, मग ओल्या फडक्यात दोन मिनिटं, मग दाब देऊन वाळवणं आणि त्यानंतरच कापणं. कापताना रेघेबाहेर केसभर ठेवून शेवट कानशीने.

१२ डिसेंबर

यूव्हीखालचं ट्युलिपवुड: झाकलेला अर्धा भाग गुलाबी, उघडा भाग पेंढ्याच्या रंगाचा. टेबलावर ठेवून पाहिलं, अजून किंचित थंड दिसतं. उरलेलं अंतर लाखेच्या छटेने भरेल. पट्टीचे चार तुकडे त्यातून कापले. रेषांची दिशा शेजारच्या तुकड्याशी जुळवणं रंगापेक्षा महत्त्वाचं आहे. रंग चुकला तर डोळा माफ करतो, रेषा आडवी गेली तर दुरूनच टोचते.

नवे तुकडे मुद्दाम दोन दशांश मिमी वर ठेवले आणि तेवढेच स्क्रेपरने उतरवले. शेजारी मूळ तुकड्यांवर पातळ फिल्म चिकटवून.

१९ डिसेंबर

किटलीच्या मुठीवरच्या कोरीव रेघा: बुरिनने (बारीक कोरणीने) नव्या तुकड्यापुरत्या कोरल्या. काजळी आणि पातळ सरस मिसळून भरलं, सुकल्यावर पुसलं. जुन्या तुकड्यांवर गेलेल्या रेघा परत कोरल्या नाहीत. तिथे उरलीय ती जाडी ०.९ मिमी.

७ जानेवारी

पॉलिश. वरचा थर विसाव्या शतकातली जाड, केशरी झालेली लाख. इथेनॉल सरळ लावला तर ती विरघळते, पण खालचा जुना राळेचा थरही मऊ पडतो. क्लुसेल जी (सेल्युलोजपासून केलेली, द्रावण दाट करणारी पूड) चा ४ टक्के जेल इथेनॉलमध्ये, हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर दोन मिनिटं, कापसाने उचलून व्हाइट स्पिरिटने पुसणं. पूर्ण काढायचं नाही, पातळ करायचं. किटलीच्या आजूबाजूला धूसर पडद्यासारखं होतं ते गेलं आणि शेजारच्या कपाच्या किनारीवरची बॉक्सवुडची केसभर रेघ पहिल्यांदा दिसली.

खालच्या फळीवरच्या पाण्याच्या वर्तुळांपैकी एक पांढरं, लाखेतच होतं, थर पातळ झाल्यावर गेलं. दुसरं काळं, लाकडात उतरलेलं. ऑक्झॅलिक आम्लाने ते जातं, पण त्याबरोबर आजूबाजूचं ट्युलिपवुडही पांढरं पडतं. ठेवलं.

१३ जानेवारी

मेण काढलेली फिकट लाख, इथेनॉलमध्ये १५ टक्के, शेवटच्या फेऱ्या ८ टक्के. लोकरीच्या गोळ्यावर जुनं सुती कापड, पुरचुंडी तळव्यात मावेल एवढी, तेलाचा एखादाच थेंब. ही लाख पलाश आणि कुसुमवरच्या किड्याची, बहुतेक झारखंडातून येणारी. फ्रान्समध्ये बोळ्याने लाख चढवायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. टेबलाच्या मूळ काळात राळेचं वॉर्निश किंवा मेण होतं. म्हणून आरशासारखी चकाकी करायची नाही. छिद्रं अर्धवट उघडी राहतील इतक्याच फेऱ्या: सहा. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण नाही, ते पुन्हा ब्राँझच्या कडेला साचून हिरवं होईल.

दुपारी बाहेर पाऊस, आत ६८ टक्के आर्द्रता, आणि तिसऱ्या फेरीत लाखेवर दुधाळ झाक. इथेनॉल उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. काम थांबवलं, दुसऱ्या दिवशी ५० टक्क्यांत नुसत्या इथेनॉलच्या जवळजवळ कोरड्या बोळ्याने एक हात मारला, झाक गेली.

३ फेब्रुवारी

ब्राँझ परत. प्रत्येक लडीखाली पॉलिएस्टरच्या फिल्मचा पातळ तुकडा, लडीच्या आकाराहून अर्धा मिमी आत कापलेला, म्हणजे बाहेरून दिसत नाही. स्क्रू मेण लावून, बोटाने घट्ट होतील एवढेच. आवळले की पुन्हा वळ उमटतो. फळीच्या किनारीचा हरवलेला १४ सेंमीचा तुकडा नव्या पितळात कापून, रंगीत वॉर्निश देऊन लावला. पाठीवर छोटं खोदून वर्ष टाकलं. १ आणि २ नंबरच्या लडींच्या पाठीलाही आमची बारीक शाईची खूण, 'जुन्या ३ वरून ओतीव'. शाईवर बी-७२.

संगमरवर डीआयोनाइज्ड पाण्याने पुसून ठेवला. लिंबाने खाल्लेले दोन मंद ठिपके आहेत; दगड पुन्हा घासला तर कठड्याच्या आत तो सैल होईल.

वजन ११.४ किलो, संगमरवरासह. उचलताना ड्रॉवरच्या पट्टीखाली हात, दगड आधी वेगळा. कठड्याला धरून कधीच नाही. तुटला होता तो बहुधा तसाच.

२४ मार्च

सात आठवड्यांनी तपासणी, टेबल मालकाच्या खोलीत. आर्द्रता ४६ टक्के, सांगाडा ८.५ टक्के. उजव्या बाजूची पट्टी जागेवर, चीर नाही. खालच्या कोपऱ्यावर, जिथे १७ नोव्हेंबरला पोकळ लागलं होतं, टिचकीला आवाज भरीव. फळीच्या डाव्या टोकाला एक नवा फुगा, बोराएवढा. तिथे पीव्हीए राहिला असावा. पुढच्या महिन्यात सिरिंज घेऊन जायचं.